पदवीनंतर कीर्तनसंगीत शिकायचं असेल तर: आधी टाळ, मग अर्ज

निकाल लागले की दरवर्षी संगीत शिकणारी मुलंमुली मला विचारतात, "ताई, बी. ए. झालं, विशारदही झालं. आता एम. ए. करून वारकरी संगीतावर पीएच. डी. करायची आहे. अर्ज कुठे भरू?" मी त्यांना विचारते, "टाळ वाजवता येतो का?" बहुतेक जण म्हणतात, "तो काय, येईल."

मीसुद्धा असंच म्हणाले होते. आधी एम. ए. केलं, मग विषय निवडला आणि मग टाळ हातात घेतला. या उलट्या क्रमात माझी दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून मला जे उशिरा कळलं ते इथे क्रमानं लिहिते. सोयीसाठी पायऱ्या केल्या आहेत, पण त्या सारख्या उंचीच्या नाहीत. दुसरी आणि पाचवी चढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पायरी १ : नेमकं काय शिकायचंय ते ठरवा

"भक्तिसंगीत" या एका शब्दाखाली आपण तीन निराळ्या गोष्टी भरतो.

पहिली वारकरी भजन-कीर्तन. कीर्तनकार एक अभंग घेतात आणि साधारण दोन तास त्याचंच निरूपण करतात. मागे टाळकऱ्यांची रांग, एक विणेकरी, एक मृदंग. हे गाणं एकट्याचं नसतं.

दुसरी नारदीय कीर्तन. इथे बुवा किंवा कीर्तनकार ताई एकट्या उभ्या असतात, साथीला पेटी-तबला. आधी नमन, मग पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण, मध्ये नामजप. त्याच वेळी कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात, आणि मग उत्तररंगात आख्यान. ओवी, साकी, दिंडी, आर्या, कटाव, श्लोक असे कितीतरी छंद एका बैठकीत येतात. शास्त्रीय गायनाची तयारी असलेल्यांना हा प्रकार लवकर जवळचा वाटतो. दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्थेत तो पद्धतशीर शिकवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे मंचावरचं अभंगगायन. पं. भीमसेन जोशींच्या संतवाणीनं ते घराघरांत पोचवलं. तिथे अभंग रागात बांधलेला असतो आणि तो एका गायकाचा असतो. ते मोठंच काम आहे, पण ते ऐकून मोठे झालेले विद्यार्थी कीर्तनाला पहिल्यांदा जातात तेव्हा गोंधळतात. "मुख्य गायक कोण?" असं मला एकीनं विचारलं होतं. तिथे चरण या तोंडातून त्या तोंडात जातो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वारकरी संगीताखेरीज विषयच नाहीत असं समजू नका. बेने इस्राएली समाजानं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. तंजावरला गेलेल्या मराठी कीर्तनातून तिथली हरिकथा घडली. तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ कथाकथनात रुजवले. गोव्यात घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरत्या आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. पैकी कोणताही विषय घ्या, पुढच्या पायऱ्या थोड्याफार फरकानं त्याच लागतील. मी वारकरी कीर्तनाबद्दल लिहिते, कारण मला ते जवळून माहीत आहे.

पायरी २ : प्रवेशाआधीचे सहा महिने

ही पायरी कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

एक टाळजोड घ्या. दुकानात ती वाजवून बघा. दोन्ही वाट्यांचा नाद एकमेकांत मिसळला पाहिजे आणि वाजवल्यावर काही क्षण रेंगाळला पाहिजे. दोरी हाताला गुंडाळताना ती किती आखूड ठेवायची हे आपल्या हातालाच शोधावं लागतं. लांब राहिली की वाटी डोलते आणि ठोका उशिरा पडतो. पहिल्या आठवड्यात तर्जनीच्या मुळाशी फोड येईल. येऊ द्या. "ज्ञानोबा माउली तुकाराम" हा गजर आधी संथ म्हणा, मग दुपटीत. दोन्हीत टाळ आणि तोंड एकमेकांना सोडणार नाहीत असं झालं की पहिला धडा झाला. आठ मात्रांचा भजनी ठेका आणि धुमाळी हाताला ओळखीची झाली पाहिजे, मोजायची गरज पडता कामा नये.

त्याच काळात हरिपाठ पाठ करा. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग, वर फलश्रुतीचा एक. गावात, सोसायटीत, देवळात कुठेतरी संध्याकाळी हरिपाठ होतच असतो. तिथे जाऊन मागे उभ्या राहा, उभे राहा. वही नको. पावली खेळताना सूर कुठे चढतो आणि पाय कुठे पडतो हे अंगात जाऊ दे.

मग एक अखंड हरिनाम सप्ताह पूर्ण करा. सगळे दिवस. पहाटे चारचा काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. या सात दिवसांत वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि रात्री दोन वाजताही कुणीतरी तिच्यासोबत पहाऱ्याला उभं असतं. मी तशी एक रात्र उभी राहिले. आमच्या आजोळचे विणेकरी, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते बाजूला बसून होते. तीनच्या सुमाराला मला झोप अनावर झाली आणि तार छेडायची राहून गेली. आबा नुसतं म्हणाले, "तार थांबली." नंतरच्या कितीतरी तासिकांत षड्जाबद्दल खूप काही शिकले, पण षड्ज धरून ठेवणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं.

सप्ताहात मुद्दाम एका गोष्टीकडे लक्ष द्या : प्रमाण, म्हणजे निरूपणाला आधार म्हणून घेतलेला अभंगाचा चरण. कीर्तनकार बोलता बोलता एखाद्या अभंगाचे पहिले दोनतीन शब्द उच्चारतात. तेवढ्यावरून गायनाचार्यांना, म्हणजे मागे उभं राहून चाल उचलणाऱ्या जाणत्या गायकांना, कळावं लागतं की हा कोणाचा अभंग, कोणता चरण, आणि तो कोणत्या चालीवर उचलायचा. निर्णय एका श्वासात होतो. ते चरण उचलतात, टाळकरी मागून झेलतात, मृदंग लय चढवतो आणि टिपेला पोचल्यावर कीर्तनकार हात वर करतात. सगळं थांबतं. निरूपण पुन्हा सुरू. दोन तासांत असं किती वेळा होतं ते मोजा. गायनाचार्यांपुढे पुस्तक नसतं. गाथा त्यांच्या पोटात असते. ज्याला आपण "संगीत" म्हणून वेगळं काढू पाहतो ते इथे पाठांतराला, अर्थाला आणि समोरच्या माणसाच्या बोलण्याला इतकं घट्ट बांधलेलं आहे. माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे.

पायरी ३ : अक्षरं मोजायला शिका

हे दोन दिवसांचं काम आहे, पण ते न करता थेट स्वरलिपीला बसलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

अभंग हा अक्षरछंद आहे. लघु-गुरू पाहायचे नाहीत, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. "सुंदर ते ध्यान" सहा, "उभे विटेवरी" सहा, "कर कटावरी" सहा, "ठेवूनिया" चार. हा थोरला अभंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड असतो. गाताना बघा, त्या उरलेल्या जागेतच चाल श्वास घेते. "जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले" हा धाकटा, आठ-आठ अक्षरांचा. त्याची चालण्याची ढब वेगळी. गाथेत सहसा दुसऱ्या कडव्यापाशी ॥ध्रु.॥ छापलेलं असतं. प्रत्यक्षात टाळकरी कोणता चरण धरून ठेवतात ते ऐका आणि दोन्हींची नोंद करा.

एक सूचना, जी पुढे तुमचे कष्ट वाचवेल. अभंगाचा नुसता क्रमांक कधीही लिहू नका. तुकोबांच्या गाथेच्या एका छापील प्रतीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. इतर प्रतींत संख्या आणि क्रम बदलतो, पाठभेदही असतात. नेहमी पहिला चरण लिहा आणि कोणती प्रत वापरली ते लिहा. फडावर, म्हणजे एखाद्या महाराजांच्या परंपरेतल्या वारकऱ्यांच्या समूहात, म्हटला जाणारा पाठ छापील पाठापेक्षा वेगळा निघाला तर तो "चुकीचा" म्हणून सुधारू नका. तीच तुमची सामग्री आहे.

पायरी ४ : दोन दारं

१९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्याच वर्षी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. दोन्हींमधलं अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. एकीकडे मुखोद्गत परंपरा, दुसरीकडे पोथ्यांची चिकित्सा. मला हा योगायोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या विषयाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही वाटा तुडवाव्या लागतात. ते शक्य आहे हे शं. वा. तथा सोनोपंत दांडेकरांनी दाखवलं आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, ज्ञानेश्वरीचे संपादक, आणि जोग महाराजांचे शिष्य म्हणून आयुष्यभर कीर्तनकार.

पहिलं दार आळंदीचं. वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, वेदान्ताचे ग्रंथ, पाठांतर आणि प्रत्यक्ष कीर्तन असा त्याचा भर. ही विद्यापीठाची पदवी नव्हे आणि तशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. पदवीनंतर चार वर्षं देणं बहुतेकांना जमत नाही. मग सुट्टीत किंवा चातुर्मासात एखाद्या गायनाचार्यांकडे, मृदंगाचार्यांकडे राहून शिकता येतं. आळंदीत लहानमोठ्या खासगी संस्था पुष्कळ आहेत, मुलींसाठी स्वतंत्र संस्थाही आहेत. राहायला जाणार असाल, किंवा धाकट्या भावंडाला पाठवणार असाल, तर संस्थेची नोंदणी बघा, राहण्याची जागा स्वतः जाऊन बघा, तिथल्या मुलांशी शिक्षकांच्या पाठीमागे बोला. गळ्यात माळ आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. हे मी संप्रदायाच्या प्रेमापोटीच सांगते आहे.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहायला हवं. काही फडांवर आणि काही गावांत अजूनही बाईला टाळकऱ्यांच्या रांगेत किंवा विण्याजवळ उभं राहू देत नाहीत, काही ठिकाणी आनंदानं देतात. मला दोन्ही अनुभव आले. ज्या परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई गायल्या जातात तिथे हा नकार ऐकताना वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण त्या वेळी दार लावून परत येऊ नका. महिला हरिपाठ मंडळं, बायकांच्या दिंड्या, महिला कीर्तनकार यांच्याकडे चालींचा मोठा साठा आहे आणि त्याची नोंद फारच कमी झाली आहे.

दुसरं दार विद्यापीठाचं. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत मुंबई विद्यापीठ आणि एसएनडीटी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, अशा ठिकाणी संगीतात पदव्युत्तर शिक्षण मिळतं. एम. ए. साधारण दोन वर्षांचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एक वर्षाचं. हे लक्षात ठेवा की ही एम. ए. बहुतेक ठिकाणी हिंदुस्थानी कंठसंगीताची असते. प्रवेशाच्या वेळी ख्याल ऐकतात, अभंग नव्हे. तेव्हा रागसंगीताचा रियाज सोडू नका. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा झालेली असेल तर तयारीला आधार मिळतो, पण प्रवेशाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचा, मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या आठवणीवर जाऊ नका.

पीएच. डी.साठी नेट, सेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा अशा वाटा असतात. नेटमध्ये संगीत विषयाचा संकेतांक १६. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच. डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षं. सप्ताह, वाऱ्या, काकडे यांच्या तिथी धरून चालणाऱ्या विषयाला तीन वर्षं पुरत नाहीत. चार-पाच धरा.

पायरी ५ : विषय बारीक करा, मार्गदर्शक जपून निवडा

"वारकरी संप्रदायातील संगीताचा चिकित्सक अभ्यास" हा विषय कृपा करून घेऊ नका. तो एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. त्यापेक्षा : एका फडाच्या काकड्याच्या चाली. एका तालुक्यातल्या तीन सप्ताहांत प्रमाण उचलण्याच्या पद्धती. गौळणींच्या चालींवर सिनेसंगीताचा झालेला परिणाम. आजोबा, मुलगा आणि नातू अशा एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या मृदंगवादकांची लग्गी, म्हणजे जलद लयीतलं वादन. विषय जितका लहान तितकं तुम्हाला खोल जाता येईल.

माझ्या पहिल्या मुलाखतीत समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "पण यात राग कुठे आहे?" मी गडबडले. भूप, भैरवी अशी नावं घेत सुटले आणि माझा प्रस्ताव परत आला. त्या दिवशी मी बसस्थानकावर बसून रडले. आज तो प्रश्न आला तर उत्तर देऊ शकेन. चालीत रागाची छाया असते, कधी दोन रागांच्या सीमेवरची. पण म्हणणारे चाल ओळखतात ती रागावरून नव्हे. ती कोणत्या फडाची, कोणत्या वेळेची, आणि तिच्यावर टाळ कसा बसतो यावरून. ही ओळखण्याची पद्धतच अभ्यासाचा विषय आहे. या प्रकारचं संगीत गंभीरपणे कसं अभ्यासावं याची मराठीतली वाट संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानड्यांनी घालून दिली. त्यांचं लेखन मुलाखतीआधी वाचा, म्हणजे पायाखाली जमीन असेल.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या पदांपेक्षा एक गोष्ट बघा. ते तुमच्याबरोबर एका रात्रीच्या कीर्तनाला येऊन बसतील का? सरळ विचारा. हो म्हणाले तर त्यांच्या हाताखाली काम करा. आणि संप्रदायातलेही एक मार्गदर्शक धरा. कागदावर त्यांचं नाव येणार नाही, पण प्रत्येक प्रकरण त्यांना वाचून दाखवा. वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. कुठे त्यांचा चेहरा बदलतो ते बघा. तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

शब्द त्यांचे वापरा. तुम्ही ज्याला पखवाज म्हणता त्याला ते मृदंग म्हणतात. तिथे "परफॉर्मन्स" नसतो, सेवा असते. "आज कीर्तनसेवा कुणाची?" असं विचारतात. प्रबंधात दुसरे पारिभाषिक शब्द लागतील, पण माणसांशी बोलताना त्यांची गरज नाही.

पायरी ६ : नोंदी आणि ध्वनिमुद्रण

माझं पहिलं ध्वनिमुद्रण वाया गेलं. दोन तासांचं सुंदर कीर्तन, आणि रेकॉर्डर मी हौसेनं टाळकऱ्यांच्या अगदी पुढ्यात ठेवला होता. घरी येऊन ऐकलं तर नुसता टाळ, तोही फाटलेला. कीर्तनकारांचा एक शब्द कळेना. त्यातले गायनाचार्य पुढच्या वर्षी गेले. ते दोन तास परत येणार नाहीत.

म्हणून आधी विणेकऱ्यांना, कीर्तनकारांना आणि यजमानांना विचारा, तिघांनाही. मग साउंडवाल्याशी ओळख करून घ्या आणि त्याच्या मिक्सरमधून एक लाइन मागा. दुसरा रेकॉर्डर श्रोत्यांत, टाळांपासून लांब ठेवा. डब्ल्यूएव्ही स्वरूप, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण सुरुवात कितीही संथ असली तरी गजराला टाळ दुप्पट आवाज करणार आहे. फाइलच्या नावात तारीख, तिथी, गाव आणि सेवा कोणाची हे त्याच रात्री घाला. दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा.

मृदंगाची तयारी जरूर बघा. कीर्तनाआधी वादक कणीक मळतात आणि डाव्या पुडीवर थापतात. अंगठ्यानं कड दाबत, थाप मारत, पुन्हा चिमूटभर काढत. कणीक जास्त झाली तर नाद बसतो, कमी पडली तर पोकळ होतो. उजवी बाजू गठ्ठे ठोकून पेटीच्या सुराला लावतात. हे दहा मिनिटं चालतं आणि त्या वेळात वादक फारसं बोलत नाहीत. मीही विचारत नाही. कीर्तन संपल्यावर कणीक खरवडून काढताना मात्र ते मोकळे असतात. माझ्या सगळ्यात चांगल्या मुलाखती त्या वेळच्या आहेत.

स्वरलिपीसाठी भातखंडे पद्धत पुरते, पण लय चढत जाते ती तिच्यात मावत नाही. मी प्रत्येक आवर्तनाला किती सेकंद लागले ते सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये खुणा करून लिहिते आणि तो तक्ता स्वरलिपीशेजारी ठेवते. बोलणं आणि गाणं एकमेकांत कसं मिसळतं हे दाखवायला ईलॅन उपयोगी पडतं. दोन्ही प्रणाली मोफत आहेत.

जुनं ध्वनिमुद्रण ऐकायचं असेल तर गुरुग्रामचं आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी आणि दिल्लीत संगीत नाटक अकादमीचा संग्रह बघा. पण गावातल्या जुन्या कॅसेटी विसरू नका. कपाटाच्या तळाशी, बुरशी लागायच्या बेतात, त्या अजून आहेत.

पायरी ७ : पैसे

हे मोकळेपणानं बोललं जात नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे : वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. वाद्यसंगीतही त्यात येतं, म्हणजे पखवाज शिकणाऱ्यांनीही अर्ज करावा. त्याच मंत्रालयाची कनिष्ठ पाठ्यवृत्ती २५ ते ४० वयोगटासाठी, दरमहा १०,००० रुपये, आणि चाळिशीनंतरच्यांसाठी वरिष्ठ पाठ्यवृत्ती, दरमहा २०,००० रुपये. दोन्ही दोन वर्षांच्या. नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, त्यामुळे एक वर्ष थांबून ती परीक्षा नीट देणं परवडतं. रक्कम आणि अटी अर्ज भरताना पुन्हा तपासा.

आता दुसरी बाजू. जिथे कीर्तन करावं तिथे अन्न सेवू नये, कपाळी बुक्काही लावून घेऊ नये, असं तुकोबांनी सांगून ठेवलं आहे. आज कीर्तनकार मानधन घेतात, घर त्यावर चालतं, मी त्यांना दोष देत नाही. पण आपण अभ्यासक म्हणून गावाकडून काय नेतो आणि काय ठेवून येतो, याचा हिशेब त्या अभंगाच्या उजेडात मांडावा असं मला मनापासून वाटतं. मी एक नियम केला आहे. ध्वनिमुद्रण केलं की महिन्याच्या आत ज्यांचा आवाज त्यांना पेनड्राइव्ह पोचता करायचा. सप्ताहात जेवले तर एक दिवस पंगतीत वाढायला उभी राहते. प्रबंध झाल्यावर त्यातला गावाचा भाग सोप्या मराठीत छापून देवळात ठेवला. तिथल्या एका मुलानं त्यातल्या दोन चुका दाखवल्या. त्या आता दुरुस्त आहेत.

पायरी ८ : पहिलं वर्ष कसं आखावं

विद्यापीठाचं वेळापत्रक जून-जुलैला सुरू होतं, आपलं तिथीवर. दोन्ही एकाच कागदावर लिहा. आषाढी वारीत पहिल्या वर्षी फक्त चाला. एकाच दिंडीत, शेवटपर्यंत. रोज वेगळ्या दिंडीत फिरलात तर गर्दी दिसेल, चाली ऐकू येणार नाहीत. पंढरीची कार्तिकी शुद्ध एकादशीला, आळंदीची वद्य एकादशीला. त्या आठवड्यात आळंदीत एका संध्याकाळी चालत जाता येईल एवढ्या अंतरात अनेक फडांची कीर्तनं ऐकायला मिळतात, आणि एकच अभंग दोन ठिकाणी दोन चालींत सापडला तर तिथेच थांबा. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज, चार दिवसांनी पैठणला नाथषष्ठी. परीक्षा नेमकी त्याच सुमाराला येते. विभागप्रमुखांशी आधीच बोलून ठेवा.

पण सुरुवात कोजागिरीपासून करा. त्या रात्रीनंतर गावोगावी महिनाभर काकडा असतो. पहाटे चारला उठायचं, अंघोळ करून देवळात जायचं. शाल घ्या, सभामंडपाची फरशी फार गार असते. टाळ घ्या. पहिला आठवडा रेकॉर्डर घरी ठेवा आणि भूपाळी सुरू झाली की शेवटच्या रांगेत उभ्या राहून, जे म्हणतात ते त्यांच्याबरोबर म्हणा. आठव्या दिवशी कुणीतरी सरकून तुम्हाला पुढच्या रांगेत जागा करून देईल. मग त्यांना विचारा, ही चाल तुम्हाला कुणी दिली?